दहापैकी सहा शब्द

३ ऑगस्ट, सोमवार

वजन १०३. झोप सात तास. चुका: अजून करायच्या आहेत.

आमच्या कोच सरांनी आज प्रत्येक नव्या खेळाडूच्या हातात एकेक वही ठेवली. रोज वजन, झोप आणि दिवसभरातल्या चुका लिहायच्या. "मी वाचणार नाही. पण लिहिताय की नाही ते तुमच्या खेळावरून कळेल," म्हणाले. परीक्षेचा पेपर सोडला तर मला आजवर कोणी काही लिहायला लावलं नव्हतं. वही पुढेपुढे शिव्यांनीच भरणार असं दिसतंय.

तर मी आता पगारी रग्बी खेळाडू. तीन महिन्यांचा करार, ३१ ऑक्टोबरला निकाल. ठेवलं तर पुढची दोन वर्षं पक्की, नाहीतर परत काकांच्या गॅरेजात टायर बदलायला. आईला फोन केला तर म्हणाली, "नाक सांभाळ रे, लग्न व्हायचंय अजून."

मी हुकर. स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठआठ गडी रेड्यांसारखी डोकी भिडवून रेटतात, त्यात पहिल्या ओळीत मधोमध लोंबकळत असतो तो हुकर. दोन्ही हात दोन धिप्पाड प्रॉपच्या खांद्यांवर अडकलेले. नाकाला खाज सुटली तर देवाचं नाव घ्यायचं. बॉल मैदानाबाहेर गेला की लाइनआउटमध्ये उड्या मारणाऱ्या आपल्या गड्यांकडे तो आत फेकायचा, हे कामही त्याचंच. पाठीवर दोन नंबर. संघात असे दोघं: एक खेळतो आणि एक बाकावर बसतो. बाकावरचा मी.

खेळतात ते मामा. वय चौतीस, कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे. सगळ्या नव्या पोरांना भाचा म्हणतात म्हणून अख्खा क्लब त्यांना मामा म्हणतो. मला बघून म्हणाले, "या भाचेबुवा! माझी जागा घ्यायला आलात ना? मागून ढकलू नका म्हणजे झालं."

५ ऑगस्ट, बुधवार

वजन १०३. आज डोक्याची परीक्षा झाली.

मोसमाच्या सुरुवातीला ती सगळ्यांची होते. क्लबच्या डॉक्टरबाई दहा शब्द वाचतात, ते आपण म्हणून दाखवायचे. मग वर्षाचे महिने उलटे, आकडे उलटे, डोळे मिटून एका पायावर उभं राहणं. हे मार्क जपून ठेवतात. मॅचमध्ये डोक्याला मार बसला की खेळाडूला दहा मिनिटं बाहेर नेऊन हीच परीक्षा परत घेतात. मार्क आजच्याइतके पडले तर पुन्हा मैदानात, कमी पडले तर निदान बारा दिवस घरी.

रांगेत मामांनी मला कोपराने ढोसलं. "किती शब्द राहतील लक्षात?"

"नऊ तरी."

"मग सहा सांग."

"का?"

"आज हुशारी दाखवलीस तर डोकं फुटल्यावरही हुशारी दाखवावी लागेल. आज ढ झालास की वर्षभर पास. इथे सगळे ढ आहेत, बघतोस काय!"

साबण, कोपर, गालिचा, घोडा, सुई, आरसा. इथे थांबलो. लिंबू, पूल, चादर आणि टोपी तोंडात धरून ठेवले. डॉक्टरबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "झोप नीट झाली नाही का?" "जागा नवीन आहे," म्हणालो. शाळेत मार्क वाढवायला कॉपी केली, कमी पाडायला आज पहिल्यांदाच. मामांनी पाठीवर अशी थाप मारली की अजून दुखतंय.

२० ऑगस्ट, गुरुवार

सराव संपल्यावर मामा मला रोज अर्धा तास थांबवून घेतात. पॅव्हेलियनमागच्या भिंतीवर खडूने एक गोल काढलाय, त्यात बॉल फेकायचा. माझा बॉल शेवटी डावीकडे वळतो. आज त्यांनी चूक पकडली. "सुटल्यावर बोटं गोलाकडे राहू देत. बॉल गेला म्हणून हात खाली टाकू नकोस. पाहुणा गेल्यावर आपण दारात थोडं थांबतोच ना?" लगेच तीसपैकी चोवीस बसले.

फेकता फेकता त्यांच्या मुलीची गोष्ट सांगितली. तिचा दुधाचा दात पडला, तो तिने ह्यांच्या बुटात लपवला. ह्यांनी मॅचला बूट घातला आणि अर्धा वेळ एका पायावर लंगडत खेळले. खडा असेल म्हणून! मी हसून हसून खाली बसलो. स्वतःच्याच जागेसाठी मला तयार करणारा माणूस. असं कोण करतं?

५ सप्टेंबर, शनिवार

पहिली मॅच. दहा मिनिटं खेळलो. अक्षरशः दहा.

मध्यंतरानंतर टॅकल करताना, म्हणजे बॉल घेऊन धावणाऱ्याला धरून पाडताना, समोरच्याचा गुडघा मामांच्या कानशिलावर बसला. उठले, पण चालू लागले ते समोरच्या संघाच्या गोटाकडे. डॉक्टरबाईंनी बाहेर काढलं आणि मी आत गेलो. एक स्क्रम, दोन लाइनआउट, दोन्ही बॉल सरळ. अंगात नुसती वीज. तेवढ्यात बघतो तर मामा रेषेवर उभे, परत यायला तयार. परीक्षा पास!

माझ्या शेजारून आत जाताना डोळा मारून म्हणाले, "सात. एक जास्तच सांगितला."

मी हसलो. पण बाकावर बसल्यावर हसू आटलं. ह्या युक्तीचा तोटा नेमका कोणाला होतो, हे पाच ऑगस्टला माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

९ सप्टेंबर, बुधवार

भिंतीजवळ मामांनी परत दाताची गोष्ट सांगितली. मोठ्या माणसांचं असं असतं, एक गोष्ट चालली की तीच लावून धरतात. मी हसलो. थोडं कमी.

१४ सप्टेंबर, सोमवार

चुका: दुसऱ्यावर विश्वास ठेवणे.

काल मामांनी आपणहून सांगितलं, "उद्या साडेसहाला नाक्यावर उभा राहा, गाडीतून नेतो." सव्वासातपर्यंत उभा होतो. फोन उचलत नव्हते. शेवटी बस पकडली, चाळीस मिनिटं उशीर झाला. सरांनी सगळ्यांसमोर मैदानाला वीस फेऱ्या मारायला लावल्या. मामा आधीच हजर, पाय ताणत बसलेले. मी धापा टाकत विचारलं तर म्हणतात, "मी? मी कधी म्हटलं?"

दोन्ही प्रॉप खो खो हसले. मामांच्या तोंडावर मात्र काही नाही, अगदी साधा चेहरा. नाटकात गेले असते तर नाव काढलं असतं.

२६ सप्टेंबर, शनिवार

आजपासून ह्या वहीत त्याला अरे-तुरे.

लाइनआउटमध्ये बॉल कोणाकडे जाणार ते सांकेतिक आकड्यांत ठरतं. दर मॅचला आकडे बदलतात. ह्या वेळचा कागद सरांच्या सांगण्यावरून मी उतरवून मामाला दिला होता. आज त्याने पाचपैकी तीन बॉल भलत्याकडेच फेकले. आपला गडी पुढे उडी मारतोय, बॉल मागे. हरलो. कपडे बदलायच्या खोलीत सरांनी विचारलं तर हा गृहस्थ माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "ह्याने कागद चुकीचा दिला."

मी तो कागद त्याच्याच मनगटाच्या पट्टीखालून ओढून काढला. बरोबर होता. वर पट्टीवर त्याने तेच आकडे पेनाने पुन्हा लिहून ठेवलेले. चौदा वर्षं खेळतोय आणि शाळकरी पोरासारखी मनगटावर कॉपी!  मामा कागदाकडे बघत राहिला. मला वाटलं होतं निदान ओशाळेल. ओशाळला नाही, घाबरलेला दिसला. घाबरू दे. पाच आठवडे राहिलेत, आणि आपली जागा जाणार हे त्यालाही कळलंय.

२९ सप्टेंबर, मंगळवार

सरावानंतर मामी आल्या होत्या. मामाची बायको म्हणून मामी. मुलगी हात धरून. मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्यांची गाडी कुठे लावलीय, बघितलीस का?"

मागच्या फाटकाशी सापडली. दार उघडं, इंजिन चालू. सकाळपासून तशीच असणार, पेट्रोलचा काटा तळाला. मामा हसत म्हणाला, "भाच्यांनो, तुमचीच चेष्टा ना ही?" मामी हसल्या नाहीत. त्याला शेजारच्या सीटवर बसवून स्वतः चालवायला बसल्या.

कोणी केली असेल चेष्टा? मी प्रॉपना विचारलं. दोघांनीही आईची शपथ घेतली.

१ ऑक्टोबर, गुरुवार

वजन घेतलं नाही.

आज मामाने परत भिंतीपाशी बोलावलं. भांडण झाल्यापासून पहिल्यांदाच. मला वाटलं माफी मागेल. त्याने बॉल माझ्या हातात दिला, मागे उभा राहिला आणि म्हणाला, "सुटल्यावर बोटं गोलाकडे राहू देत. बॉल गेला म्हणून हात खाली टाकू नकोस. पाहुणा गेल्यावर आपण दारात थोडं थांबतोच ना?"

मी म्हटलं, "मामा, हे झालंय."

"कधी? आज तर पहिल्यांदा धरतोयस."

मी वळून बघितलं. डोळा मारत असेल, ओठ दाबून हसत असेल. तसलं काही नव्हतं. मी बॉल फेकला, गोलात बसला. "वा! पहिल्याच फटक्यात!" म्हणून खूश झाला. मग दाताची गोष्ट. त्याच जागी थांबला, त्याच जागी माझ्याकडे बघितलं. मी हसलो. 

खोलीवर येऊन ही वही पहिल्यापासून वाचली. साडेसहाची गाडी. मनगटावरचे आकडे. पेट्रोलचा काटा. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे आणि मला दिसलं नाही. मला फक्त माझी जागा दिसत होती.

३ ऑक्टोबर, शनिवार

पुन्हा डोक्याला मार. ह्या वेळी आपल्याच प्रॉपचं कोपर. मामा बाहेर, मी आत. ह्या वेळी अंगात वीजबीज काही नव्हती. लाइनआउटला उभा होतो आणि नजर मैदानात यायच्या बोगद्याच्या तोंडाकडे. मनात म्हणत होतो, नापास हो, मामा, एकदा नापास हो.

नऊ मिनिटांनी आला. पास.

रेषेवर आम्ही समोरासमोर आलो. डॉक्टरबाई दोन हातांवर होत्या. एक वाक्य बोलायचं होतं. बोललो नाही. बोललो असतो तर तिथल्या तिथे जर्सी माझी होती, आणि नेमकं म्हणूनच तोंड उघडेना. सगळा संघ काय म्हणाला असता? काल आलेलं पोरगं मामाला खाऊन मोठं झालं. आणि दुसरं, जे लिहितानाही लाज वाटते: त्याचे सहा सांगायचे तर माझेही सहा सांगावे लागतील. चार आठवड्यांवर करार.

उरलेल्या पंचवीस मिनिटांत मामाने अकरा टॅकल केले. मी मोजत होतो. प्रत्येक वेळी डोकं कुठे लागतंय एवढंच बघत होतो.

६ ऑक्टोबर, मंगळवार

मामींना बाजारात गाठलं. म्हटलं, मामा जरा विसरतात का हो हल्ली?

त्या भाजीची पिशवी खाली ठेवून बोलल्या. "विसरतात? परवा मुलीला शाळेतून आणायला गेले आणि तिच्या जुन्या शाळेच्या दारात उभे. मी घाबरलेच होते रे. पण शनिवारी डॉक्टरांनी तपासलं ना, सगळं ठीक निघालं. दोनदा तपासलं. परीक्षा आहे म्हणून बरं, नाहीतर मला झोपच लागली नसती."

मी पिशवी त्यांच्या रिक्षात ठेवून दिली. एवढंच केलं.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी आठला डॉक्टरबाईंच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. उभ्यानेच सांगितलं, थांबलो तर पळून जाईन अशी भीती होती. गोल, गाडी, आकडे, जुनी शाळा. आणि सहा शब्द.

त्यांनी मामांची फाइल काढली. "चार वर्षं दर ऑगस्टला सहा," म्हणाल्या. "मला वाटायचं ह्या माणसाची आठवणच तेवढी आहे." मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला त्यांची दया आली. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना मूर्ख बनवलं होतं.

"आणि तुझे सहा?"

"नऊ होते. कदाचित दहा."

त्यांनी तिथेच माझी परीक्षा परत घेतली. दहा. "सरांना तुझं सांगावं लागेल. मामांबद्दल कोणी सांगितलं ते मात्र ह्या खोलीबाहेर जाणार नाही," म्हणाल्या. मी हुश्श केलं. ते हुश्श मला अजिबात आवडलं नाही.

१० ऑक्टोबर, शनिवार

पाठीवर दोन नंबर. ऐंशीच्या ऐंशी मिनिटं. जिंकलो. लाइनआउटचे तेरापैकी बारा बॉल आपल्याला. आई फोनवर रडली.

मामांना काल सहा तास तपासलं, मोठ्या इस्पितळात पाठवलं. संघात एकच चर्चा, डॉक्टरबाईंना अचानक सुचलं कसं? डाव्या बाजूचा प्रॉप म्हणाला, "बाई पहिल्यापासूनच खडूस." मी बुटांच्या नाड्या सोडत होतो. सोडवून झाल्यावर परत बांधल्या.

सरांनी फक्त एवढं म्हटलं, "तुझ्या सहाचं काय करायचं ते मी एकतीसला सांगेन."

१२ ऑक्टोबर, सोमवार

मामांच्या घरी गेलो. मामी मुलीला आणायला गेल्या होत्या. मामांनी स्वतः दार उघडलं, "ये भाच्या, ये" म्हणाले. मी बसलो नाही. सांगून टाकलं.

आधी कळलंच नाही त्यांना. मग कळलं. मान, मग ते कान, सगळं लाल होत गेलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "जागा पाहिजे होती तर मैदानात घ्यायचीस. चोरून घेतलीस. ह्या घराची पायरी परत चढू नकोस."

मी पायऱ्या उतरलो. एकवीस आहेत.

२४ ऑक्टोबर, शनिवार

हरलो, पण मी बरा खेळलो. काल सर म्हणाले, मामा आता खेळणार नाहीत. ह्या मोसमात नाही, कधीच नाही. चौदा वर्षांत किती वेळा डोकं आपटलं त्याचा हिशेब कोणाकडेच नाही, कारण दरवेळी ते पास झाले होते. खोलीत कोणी कोणाकडे बघेना. आज सकाळी सगळे गडी एकेक करून डॉक्टरबाईंच्या दाराशी उभे होते, परीक्षा परत द्यायला, असं क्लबच्या फिजिओने सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं काही सांगितलं नाही. एकच गेला, डावा प्रॉप.

२७ ऑक्टोबर, मंगळवार

मामांचा फोन आला.  उचलला.

"काय भाचेबुवा! विसरलात का मामाला? किती दिवस झाले, तोंड दाखवलं नाहीस. उद्या ये दुपारी. एक गोष्ट विचारायची आहे."

आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. "येतो," म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं. त्यांना आठवत नाही.

पंधरा दिवसांत मला एवढं हलकं कधी वाटलं नव्हतं. हे लिहून ठेवतो, कारण ते खरं आहे.

२८ ऑक्टोबर, बुधवार

दार मामींनी उघडलं. मामा टेबलाशी, समोर वही. "बघ, सरांचा रोग मलाही लागला. डॉक्टर म्हणतात, सगळं लिहून ठेवा. तेरा तारखेपासून सुरू केलीय." मामी आत चहा ठेवायला गेल्या.

मामा पुढे वाकले. "मला एक सांग. बाईंना माझं कोणीतरी सांगितलं. बाकीचे म्हणतात त्यांनी स्वतः शोधलं. मला नाही पटत. तुझ्या कानावर काही आलंय?"

खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसती मान हलवायची. डॉक्टरबाई बोलणार नव्हत्या. मामांना आठवणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी माझा निकाल, पुढे आयुष्यभर मी ह्या घरात भाचा. आतून कपबशांचा आवाज येत होता.

"मीच, मामा."

परत तसंच झालं. आधी मान, मग कान. मी खुर्ची मागे सारून उठलो, पुढचं मला माहीत होतं. पण ते माझ्या उठण्याकडे बघत राहिले.

"तू हे मला आधी सांगितलंयस."

"हो. बारा तारखेला. इथेच."

"मी काय म्हणालो?"

सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. मामी दारात ट्रे घेऊन उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं.

मामांनी वही माझ्याकडे सरकवली. "लिही. तुझ्या अक्षरात, म्हणजे मला खरं वाटेल." मी तारीख घातली आणि लिहिलं की डॉक्टरबाईंना मी सांगितलं. पेन थांबलं. "तुम्ही काय म्हणालात तेही लिहू का खाली?"

"नको. ते लिहायचं नाही. वाचेन तेव्हा जे वाटेल ते वाटू दे."

"आज काय वाटतंय?"

"आज राग आलाय," मामा म्हणाले. "तू बस."

मी सहाच्या बसपर्यंत बसलो.